वाचक विचारतात : एक्स्प्लिकेट आणि एक्सप्लेन, फरक काय?

प्रश्न : मी अमळनेरला राहतो, एम.ए. इंग्लिशच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजच्या टेस्टमध्ये प्रश्न आला होता, पुढील ओळी एक्स्प्लिकेट करा. मी कवितेचा सारांश लिहिला, कवीचं चरित्र लिहिलं, दोन पानं भरली आणि मार्क मिळाले दहापैकी तीन. विचारलं तर उत्तर आलं की एक्स्प्लिकेट म्हणजे डीपली एक्सप्लेन. मग सरळ एक्सप्लेनच का नाही लिहीत? हा शब्द आला कुठून, आणि तो आला की नेमकं करायचं काय असतं?

उत्तर : डीपली एक्सप्लेन हे तसं चूक नाही हो, पण त्याने काम भागत नाही, कारण डीप म्हणजे किती डीप ते कोणी सांगत नाही आणि मग पोरं दोन पानांची चार पानं करतात. तुमचे मार्क कमी लिहिलं म्हणून गेले नाहीत, विचारलं एक आणि लिहिलं दुसरं म्हणून गेले. आधी शब्द कुठून आला ते बघू आणि मग परीक्षेकडे येऊ, कारण या शब्दाच्या बाबतीत व्युत्पत्तीतच अर्धं उत्तर आहे.

लॅटिनमध्ये प्लिकारे म्हणजे घडी घालणे, दुमडणे. त्याच्या आधी बाहेर या अर्थाचा एक्स लावला की एक्स्प्लिकारे, म्हणजे घडी मोडून पसरवणे, उकलणे. रोमन लोक हे क्रियापद गुंडाळी उलगडायला वापरायचे, गुंता सोडवायला वापरायचे, लढाईत सैन्याची फळी पसरवायला वापरायचे आणि अवघड गोष्ट समजावून सांगायलाही तेच. इंग्रजीत ते सोळाव्या शतकात आलं, १५३० च्या दशकात, आणि तेव्हापासून ते जरा पुस्तकीच राहिलं, बाजारात फिरणारा शब्द तो कधी झाला नाही. तुम्ही एखाद्या इंग्रज माणसाला दुकानात हे क्रियापद वापरताना ऐकणार नाही.

या प्लिकारेचं खानदान मात्र एवढं मोठं आहे की रोज आपण त्यातले दहा शब्द बोलतो आणि नातं लक्षात येत नाही. कॉम्प्लिकेटेड म्हणजे एकात एक दुमडलेलं. डुप्लिकेट म्हणजे दोन घड्यांचं. अप्लाय, रिप्लाय, ॲप्लिकेशन, सगळे तिथलेच. इम्प्लिकेट, इम्प्लाय आणि एम्प्लॉय हे तिघं तर एकाच इम्प्लिकारेची पोरं, एक थेट लॅटिनमधून आला आणि दोघं फ्रेंचच्या दारातून, म्हणून चेहरे वेगळे झाले. डिस्प्ले आणि डिप्लॉय हेही तसेच सख्खे भाऊ. सगळ्यात गंमत एक्स्प्लॉइटची, म्हणजे शोषण करणे म्हणतो ना आपण ते, तो शब्दसुद्धा जुन्या फ्रेंचमधून फिरून एक्स्प्लिकारेपासूनच आलाय. समजावणं आणि शोषण एका घरात, आता यावर ज्याला जे म्हणायचं ते म्हणा.

आणि एक्स्प्लिसिट. हा शब्द एक्स्प्लिकेटचा जुळा भाऊच, कारण लॅटिनमध्ये त्या क्रियापदाची भूतकाळी विशेषणं दोन होती, एक्स्प्लिकातुस आणि एक्स्प्लिकितुस, पहिल्यापासून एक्स्प्लिकेट आणि दुसऱ्यापासून एक्स्प्लिसिट. मध्ययुगात युरोपात हस्तलिखितं संपली की शेवटी एक्स्प्लिसिट असं लिहायची पद्धत होती, म्हणजे ग्रंथ समाप्त, आपल्याकडे पोथीच्या शेवटी इति लिहितात तसं. मूळ कल्पना अशी की पुस्तक म्हणजे गुंडाळी, आणि ती पूर्ण उलगडली म्हणजे वाचून संपली. त्याच्या उलटा शब्द इम्प्लिसिट, जे आत दुमडलेलं आहे, दिसत नाही पण आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एक्सप्लेन. हा लॅटिन एक्स्प्लानारेपासून, त्यात प्लानुस म्हणजे सपाट. म्हणजे खड्डे-उंचवटे काढून सपाट करणे. प्लेन म्हणजे मैदान, पियानो हा इटालियन शब्द, हे सगळे त्या प्लानुसचे. इंग्रजीत तो एक्स्प्लिकेटच्या आधी आला, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला. स्पेलिंगची भानगडही इथेच आहे, एक्सप्लेनमध्ये ए आणि आय दोन्ही अक्षरं येतात कारण इंग्रजांना तो प्लेन म्हणजे साधा-सरळ या शब्दासारखा वाटला आणि त्यांनी आय घुसवला, पण एक्सप्लनेशन या नामात लॅटिनचा नुसता ए राहिला. तुमच्या वर्गात निम्मी पोरं एक्सप्लनेशनमध्येही आय टाकत असतील, टाकू नका.

म्हणजे मुळात एक शब्द सपाट करायचा आणि दुसरा उलगडायचा. पण भाषा इतकी शिस्तीत चालत नाही. जॉन एव्हलिन नावाच्या इंग्रज लेखकाने १६६४ साली झाडांवर मोठा ग्रंथ छापला, सिल्व्हा नावाचा, त्यात कळ्या पानांमध्ये एक्सप्लेन होतात असं लिहिलंय. म्हणजे उलगडतात. रावेर-यावलकडच्या लोकांना हे लगेच समजेल, केळीचा पोंगा गुंडाळी होऊन वर येतो आणि उलगडत उलगडत त्याचं रुंद पान होतं, तर एव्हलिनच्या इंग्रजीत केळीचा पोंगा एक्सप्लेन होतो! आज कोणी असं लिहिलं तर मास्तर लाल शाई लावतील. पण ही केळी तेवढी ध्यानात असू द्या, कारण पोंगा उलगडताना पानात बाहेरून काही टाकत नाहीत, जे आत आहे तेच मोकळं होतं. एक्स्प्लिकेट करणं म्हणजे हेच. एक्सप्लेन करताना तुम्हाला बाहेरून काहीही आणायची मुभा आहे, कारण सांगा, इतिहास सांगा, उदाहरण द्या, समोरच्याला कळलं की झालं. एक्स्प्लिकेट करताना मात्र त्या ओळींच्या आत जे दुमडून ठेवलंय तेवढंच काढायचं, आणि ते कुठल्या शब्दात होतं हे बोट ठेवून दाखवायचं.

तुम्ही कवीचं चरित्र लिहिलं, ते बाहेरचं. सारांश लिहिला, तो तर उलट घडी घालणं झालं. म्हणून तीन मार्क.

करून दाखवतो, म्हणजे भांडण मिटेल. कविता घेत नाही, म्हण घेऊ, सगळ्यांना पाठ असलेली : नाचता येईना अंगण वाकडं. एक्सप्लेन करा म्हटलं तर एका वाक्यात होतं, स्वतःला जमत नसलं की माणूस दोष दुसऱ्या कशाला तरी देतो, आणि मग ऑफिसमधलं किंवा क्रिकेटमधलं एखादं उदाहरण. संपलं.

एक्स्प्लिकेट करायचं तर शब्दाशब्दाला थांबायचं. पहिली गोष्ट, या म्हणीत कर्ताच नाही. कोणाला नाचता येत नाही? सांगितलेलं नाही, त्यामुळे ती कोणालाही लागू पडते, समोरच्यालाही आणि बोलणाऱ्यालाही. दुसरं, येत नाही असं नाहीये, येईना असं आहे, आणि मराठीत येईना म्हटलं की प्रयत्न चाललाय पण जमत नाहीये असा वास येतो, म्हणजे हा माणूस नाचायला उतरलाय, लोकांसमोर फजिती सुरू आहे, घरी बसून तक्रार करत नाहीये. तिसरं, अंगण. रंगमंच नाही, दुसऱ्याचं मैदान नाही, अंगण म्हणजे घरासमोरची रोजची, पायाखालची जागा, जिथे कालपर्यंत काही वाकडं नव्हतं. चौथं, वाकडं. अंगण उंचसखल असू शकतं, ओलं असू शकतं, पण वाकडं? वाकडी काठी असते, वाकडी रेघ असते, वाकडं पाऊल पडतं. म्हणजे जो दोष नाचणाऱ्याच्या पावलात आहे त्याचंच विशेषण त्याने उचलून जमिनीला चिकटवलंय, तक्रारीतच त्याची चोरी पकडली गेली. आणि पाचवं, म्हणीच्या दोन तुकड्यांमध्ये ‘म्हणून’ हा शब्द नाही, दोन गोष्टी नुसत्या शेजारी ठेवल्यात आणि संबंध ऐकणाऱ्याने जोडायचाय, सगळा टोमणा त्या रिकाम्या जागेत बसलाय.

बघा, यातलं मी बाहेरून काहीच आणलं नाही. मगाशी म्हटलं ना इम्प्लिसिट, ते एक्स्प्लिसिट केलं, बास. परीक्षेत ओळी आल्या की हेच करायचं : ओळींच्या क्रमाने जायचं, शब्दाची निवड, प्रतिमा, व्याकरण, छंद, विरामचिन्ह, जिथे जिथे काही दुमडलेलं जाणवेल तिथे थांबायचं आणि शेवटी हे सगळं मिळून कवितेचा अर्थ कसा उभा राहतो ते सांगायचं. फ्रेंच शाळांमध्ये हा रीतसर अभ्यासाचा प्रकार आहे, त्याला एक्स्प्लिकासियाँ द तेक्स्त म्हणतात, गुस्ताव लान्सों या प्राध्यापकांचं नाव त्याच्याशी जोडलं जातं, आणि पुढे विसाव्या शतकात अमेरिकेत न्यू क्रिटिसिझम नावाच्या समीक्षेच्या पंथाने क्लोज रीडिंग, म्हणजे शब्दाशब्दाला थांबून बारकाईने वाचणं, म्हणून जे रुजवलं तेही याच रस्त्याचं. तुमच्या सिलॅबसमध्ये हे शब्द येतीलच, तेव्हा घाबरू नका.

व्याकरणाचं एक सांगून टाकतो. एक्स्प्लिकेट माणसाला करत नाहीत. कविता, कायद्याचं कलम, सिद्धांत, संकल्पना, यांना करतात. आणि एक्सप्लेनच्या बाबतीत आपण सगळे एक चूक करतो, मला समजाव याचं थेट इंग्रजी करून एक्सप्लेन मी म्हणतो, ते एक्सप्लेन टू मी हवं, इंग्रजीत तो टू गाळता येत नाही. बाकी एक्स्प्लिकेबल हा शब्द फारसा भेटत नाही पण त्याचा उलटा इनएक्स्प्लिकेबल पेपरात नेहमी दिसतो, म्हणजे ज्याची घडी काही केल्या उकलत नाही असं. जगात तेच जास्त असावं.

तुम्ही अमळनेरचे म्हणून तत्त्वज्ञानातली एक गोष्ट सांगतोच, १९१६ पासून तुमच्या गावात तत्त्वज्ञान मंदिर आहे. रुडॉल्फ कार्नाप या जर्मन तत्त्वज्ञाने एक्स्प्लिकेशन हा शब्द घेऊन त्याला स्वतःचा वेगळा अर्थ दिला, १९५० च्या त्याच्या संभाव्यतेवरच्या पुस्तकात ते सविस्तर आहे. त्याचं म्हणणं असं की रोजच्या बोलण्यातली ढोबळ कल्पना काढून तिच्या जागी नेमकी, शास्त्राला वापरता येईल अशी कल्पना बसवणं म्हणजे एक्स्प्लिकेशन. जुनी कल्पना एक्स्प्लिकॅंडम आणि नवी एक्स्प्लिकॅटम. त्याचं उदाहरण माशाचं आहे, लोक पाण्यात पोहणाऱ्या सगळ्यालाच मासा म्हणायचे, देवमासासुद्धा, प्राणिशास्त्राने नेमकी व्याख्या केली आणि देवमासा बाहेर गेला. दुसरं उदाहरण गरम या कल्पनेचं. ते तर भुसावळात कोणालाही पटेल, मे महिन्यात दोघांपैकी एक म्हणतो काल जास्त तापलं आणि दुसरा म्हणतो आज, आणि वाद थर्मामीटरवरच मिटतो. जास्त गरम ही ढोबळ कल्पना आणि ४५ अंश ही तिच्या जागी बसवलेली नेमकी. कार्नापने अट घातली की नवी कल्पना जुनीशी मिळतीजुळती हवी, नेमकी हवी, शास्त्राला उपयोगी पडणारी हवी आणि जमेल तेवढी सोपी हवी. तर तत्त्वज्ञानाच्या पेपरात हा शब्द आला तर वर सांगितलेलं ओळीचं पुराण लावू नका, तिथे कार्नाप चालतो. तिथे बाहेरून नवं आणायलाही परवानगी आहे, माझ्या केळीच्या पोंग्याचं त्याला काही देणंघेणं नाही.

जाता जाता, हे उलगडून सांगायचं काम आपल्या भागाला नवं नाही. चाळीसगावजवळ पाटणला, आपण पाटणादेवी म्हणतो तिथे, यादवांच्या काळातला एक शिलालेख आहे, शके ११२८ चा म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव, सिंघण यादवाचा ज्योतिषी, त्याने तिथे मठ काढला आणि त्या मठात सिद्धांतशिरोमणी वगैरे आजोबांच्या ग्रंथांची व्याख्या नियमाने व्हावी असं त्या लेखात कोरलंय. व्याख्या म्हणजे आजच्या शाळेतली एका ओळीची डेफिनिशन नाही बरं का, तेव्हा व्याख्या म्हणजे ग्रंथ समोर ठेवून पदापदाचा अर्थ सांगणं. व्याख्यान हा शब्द त्याचाच. म्हणजे सरकारी खर्चाने आणि दगडावर लिहून एक्स्प्लिकेशनचं कॉलेज खान्देशात आठशे वर्षांपूर्वी चाललं होतं, आणि ते अमळनेरपासून फार लांबही नाही, सुट्टीत जाऊन या, धबधबाही आहे.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षांची तयारी करते. पेपरात कधी इल्युसिडेट येतं, कधी एलॅबोरेट, कधी डिस्कस, कधी क्रिटिकली एक्झामिन. क्लासमध्ये सांगतात सगळ्याला तेच लिहायचं. माले काही पटत नही, जरा इस्कटीसन सांगा. (एक वाचक, शिरपूर)

उत्तर : तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता लेखी उत्तरांची झाली, त्यामुळे हे शब्द नीट वाचणं भाग आहे. प्रत्येकाचं मूळ बघा, काय मागितलंय ते कळतं.

इल्युसिडेटमध्ये लॅटिन लुक्स आहे, उजेड. अंधारात असलेल्या गोष्टीवर उजेड पाडा, म्हणजे विधान त्यांनी दिलेलंच आहे, ते खरं कसं हे मुद्द्यांनी आणि उदाहरणांनी स्पष्ट करा, इथे विरोधी बाजू फार मांडत बसायची गरज नसते. एलॅबोरेटमध्ये लेबर आहे, कष्ट. राबून तपशील वाढवा. डिस्कसचं मूळ मजेशीर, लॅटिन डिस्कुतेरे म्हणजे झटकून, आपटून वेगळं करणे, म्हणजे शेंगा झोडपतात तसा विषय झोडपा, सगळ्या बाजू सुट्या होऊन समोर पडल्या पाहिजेत. एक्झामिन तराजूच्या काट्यावरून आलंय, वजन करा, आणि क्रिटिकली जोडलं म्हणजे शेवटी काटा कुठे झुकला ते तुम्ही सांगायचंय, दोन्ही बाजू लिहून गप्प बसलात तर मार्क कापले जातात. क्लॅरिफाय सहसा पेपरात येत नाही पण सांगतो, चौदाव्या शतकात इंग्रजीत त्याचा अर्थ महिमा वाढवणे असा होता, मग द्रव पदार्थ गाळून नितळ करणे झाला, आणि म्हणून इंग्रजीत तुपाला आजही क्लॅरिफाइड बटर म्हणतात. लोणी कढवून बेरी खाली बसली की वर जे राहतं ते.

आणि तुम्ही इस्कटीसन लिहिलं ते मला फार आवडलं. घाटावरही खेड्यापाड्यात इस्कटून सांगा म्हणतात. शहरातले लोक विस्कटणं म्हणजे पसारा समजतात, पण या बोलण्यात ते चांगलंच आहे, गाठोडं सोडून एकेक वस्तू वेगळी मांडणं. प्रश्नपत्रिकेच्या मराठी भाषांतरात विशद करा, स्पष्ट करा, विवेचन करा असे तीन-चार शब्द कसेही आलटून पालटून टाकलेले असतात, म्हणून भाषांतराच्या भरवशावर राहू नका, इंग्रजी शब्द शेजारी असेल तर तोच वाचा.

प्रश्न : माझी मुलगी पुण्याला नोकरीला आहे. सुट्टीत घरी आली की वडिलांना म्हणते, पप्पा, मॅनस्प्लेन करू नका. ह्यांना राग येतो, मला हसू येतं, पण अर्थ दोघांनाही माहीत नाही. ही शिवी आहे का? (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : शिवी नाही, टोमणा आहे. मॅन आणि एक्सप्लेन जोडून केलेला शब्द. अमेरिकन लेखिका रिबेका सोल्निट यांनी २००८ साली एक लेख लिहिला, त्यात एका पार्टीतला किस्सा आहे : मायब्रिज या फोटोग्राफरवर एक महत्त्वाचं पुस्तक आलंय, तुम्ही ते वाचायला हवं, असं एक गृहस्थ त्यांना मोठ्या तोऱ्यात समजावत होते, आणि ते पुस्तक लिहिलं होतं सोल्निट बाईंनीच. त्यांची मैत्रीण मध्ये मध्ये सांगत होती की अहो ते हिचंच आहे, पण ऐकतो कोण. मॅनस्प्लेन हा शब्द सोल्निटनी त्या लेखात वापरलेला नाही, तो नंतर लगेच इंटरनेटवर लोकांनी काढला आणि मग डिक्शनरीतही गेला.

अर्थ एवढाच की समोरच्या बाईला ती गोष्ट आपल्यापेक्षा जास्त माहीत असू शकते हे लक्षात न घेता पुरुषाने तिला शिकवत बसणं. अहिराणीत माले शिकाडू नको म्हणतात त्यातला राग यात आहे, फक्त तो नेमका पुरुषांसाठी राखून ठेवलाय. पप्पा मुलीला गाडीचं पंक्चर कसं काढायचं ते सांगत असतील आणि तिला खरंच येत नसेल तर ते मॅनस्प्लेन होत नाही, साधं एक्सप्लेन होतं. पण ती ज्या कंपनीत काम करते तिथलं काम तिलाच समजावत असतील, तर मग पोरीचं बरोबर आहे. तेवढं ह्यांना तुम्ही सांगा, मी सांगितलं तर परत तेच व्हायचं.